गाऱ्हाण्याची फाईल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या मामांचे. मी पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला, तो त्यांच्यामुळे. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. होडीवर तांडेल होते, म्हणजे होडी कुठे न्यायची आणि जाळं कधी टाकायचं हे ठरवणारे. वारा असताना एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारून मारून त्यांचा आवाज असा झाला होता की ते घरात मीठ मागायचे आणि शेजारीण घेऊन यायची.

या आवाजामुळे नव्हे, पण घराण्याच्या मानामुळे, त्यांच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं होतं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. मानकरी हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो, गावाची अडचण सांगतो, कोण आजारी, कोणाची होडी बंद, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, ते सगळं नावनिशीवार सांगतो आणि ‘ह्या सगळां निस्तर म्हाराजा’ म्हणतो. बाकीचे प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी मला मुंबईला एका ओळखीच्या हॉटेलात पाठवायचं ठरवलं होतं. मामा कुणकेश्वराच्या वाटेवरच्या त्यांच्या गावाहून चालत आले. घरात पाऊल न टाकता अंगणात उभे राहिले आणि वडिलांनाच गाऱ्हाणं घातलं.

“बा म्हाराजा, ह्या घराच्या धन्या, तुझो झिल शाळेत पयलो इलो. त्येका तू कपबशे धुवूक धाडतस. त्येका शिकांदे. आणि त्येच्या शिक्षणाच्या आड कोण येत असात, तर त्येका वाटेक लाव, म्हाराजा.”

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

वडील ओटीवर बसून जाळं विणत होते. त्यांनी हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाले, “बस खाली. चाय घे.” पुढची पाच वर्षं मी मामांच्या घरी राहून शिकलो. बी.एस्सी. झालो आणि तालुक्याच्या गावी एका कचेरीत कारकून लागलो.

कचेरीत मला काम होतं, पण छंद नव्हता. तो १९९९च्या सुमारास लागला. बसस्टँडच्या मागे एका गाळ्यात इंटरनेटचं दुकान निघालं. तीन संगणक, एक टेलिफोन आणि भिंतीवर ‘अश्लील साईट उघडू नये’ अशी पाटी. ती पाटी वाचूनच निम्म्या लोकांना अशा साईट असतात हे कळलं. टेलिफोनची लाईन जोडताना मोडेम पकडलेल्या कोंबडीसारखा ओरडायचा आणि तो गप्प झाला की आम्ही जगाशी जोडले गेलो असं समजायचो. मग एक चित्र वरून खाली हळूहळू उतरायचं. कपाळ दिसायचं, डोळे दिसायचे आणि नाकापाशी लाईन कापली जायची. नाकाखाली काय आहे हे न पाहिलेली बरीच माणसं माझ्या ओळखीची आहेत.

मी कोणत्याही पानाचा आतला मजकूर, म्हणजे ते ज्या सूचनांवर चालतं त्या, उघडून बघायला शिकलो आणि त्या वहीत उतरवून घ्यायला लागलो. कचेरीतले लोक शनिवारी पत्ते खेळायचे, मी सूचना उतरवायचो. त्या काळी वेबसाईट चांगली आहे हे ओळखायच्या ठरलेल्या खुणा होत्या. त्यावर काहीतरी फिरलं पाहिजे, काहीतरी लुकलुकलं पाहिजे, एक ओळ उजवीकडून डावीकडे सरकत गेली पाहिजे आणि पान उघडताच न मागता संगीत वाजलं पाहिजे. शिवाय फावडं घेतलेल्या एका माणसाचं चित्र आणि खाली ‘काम चालू आहे’. माझी पहिली साईट आमच्या किनाऱ्यावरच्या माशांच्या नावांची होती. तिच्यावर हे सगळं होतं, फक्त मासे सहा होते. मासे वाढवण्यापेक्षा फावडेवाल्याचा हात हलता करण्यात मी दोन महिने घालवले.

त्यातून माझं नाव झालं आणि देवस्थान समितीचा निरोप आला. मामांच्या गावच्या देवळाची साईट करायची होती. समितीचे अध्यक्ष मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेले होते. सभेत ते पुस्तकी मराठी बोलायचे आणि चिडले की मालवणी. “आजच्या युगात देवालाही ग्लोबल व्हावं लागेल,” असं त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं. देव इतकी वर्षं काय होता हे कोणी विचारलं नाही.

पहिली सभा पहिल्या पानावर कोणाचं नाव आधी यावं यावर झाली. त्या गावात अकरा मानकरी आहेत. पालखीला पहिला खांदा एकाचा, पहिला नारळ दुसऱ्याचा, पहिली हाक तिसऱ्याची. हा क्रम देवळात सगळ्यांना मान्य आहे कारण तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पण संगणकावरचा क्रम नवा होता आणि नव्या क्रमावर सगळ्यांचा हक्क होता.

“माझां नाव पाचव्या नंबराक? माझ्या आज्यान देवळाची कौलां घातली.”

“तुझ्या आज्यान घातली म्हणानच गळतत.”

तीन सभांनंतर मी तोडगा काढला. कुठल्यातरी परदेशी पानावरून मी एक छोटी करामत उतरवून घेतली होती. पान प्रत्येक वेळी उघडताना नावांचा क्रम आपोआप बदलायचा. कधी हा वर, कधी तो. मला वाटलं, भांडण मिटलं. माझी चूक अशी की हे लोक देवाला कौल लावणारे आहेत हे मी विसरलो. आमच्याकडे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात आणि उजवीकडची पडली की देवाने हो म्हटलं असं धरतात. या लोकांनी संगणकाचा कौल घ्यायला सुरुवात केली. एक मानकरी एसटीने तालुक्याला आला, अंघोळ करून, दुकानात संगणकासमोर हात जोडून बसला आणि पान पुन्हा पुन्हा उघडायला लावलं. नाव वर आल्यावर त्याने त्या पानाचा कागद छापून घेतला आणि घरी चौकटीत लावला. पुढच्या रविवारी दुसरा आला. महिन्याभरात सगळ्या अकरा घरांत अकरा कागद लागले आणि प्रत्येक कागदावर देवाने त्या घराच्या बाजूने स्वच्छ निकाल दिलेला होता.

किती लोकांनी साईट पाहिली हे दाखवणारा आकडा खाली लावायचा होता. तो शून्यावर बघून अध्यक्ष गंभीर झाले.

“शून्य बरं दिसत नाही. पाच हजारापासून सुरू करा.”

“पण अजून कोणी पाहिलेलीच नाही.”

“म्हणूनच सांगतोय. आधी पाच हजारांनी पाहिलंय हे कळलं तर लोक बघतील.”

मी पाच हजार एक केलं. वरचा एक मी होतो, तेवढाच खरा.

गावच्या साईटवर एक पाहुण्यांची वही होती, बाहेरगावच्यांनी अभिप्राय लिहावा म्हणून. मुंबईकरांनी तिच्यात अभिप्राय सोडून सगळं लिहिलं. एकाने लिहिलं की काकांनी सामाईक फणस एकट्याने उतरवले आहेत. काकांच्या मुलाने आखातातून उत्तर दिलं की तू कधी झाडाला पाणी घातलंस. ते भांडण दुकानदार छापून घ्यायचा आणि गावच्या चहाच्या टपरीवर त्याचं वाचन व्हायचं. इंटरनेटने जग जवळ आणलं असं वर्तमानपत्रात येत होतं. आमच्याकडे त्याने दोन भावांना दोन देशांतून एका फणसाखाली आणून उभं केलं.

या सगळ्या पसाऱ्यात एक गोष्ट चांगली झाली. एका वर्षी सप्ताह संपताना मामांनी घातलेलं गाऱ्हाणं मी टेपवर घेतलं. टेपरेकॉर्डरमधून वायर संगणकात घालून त्याची फाईल केली आणि साईटवर एक बटण ठेवलं. फाईल चढवायला चार दिवस लागले, कारण दर वेळी अर्ध्यात लाईन जायची. पण लोकांनी ती ऐकली. जहाजावर असलेल्या गावच्या एका माणसाने वहीत लिहिलं की मी बंदरावरच्या दुकानात हे ऐकलं आणि मला घरच्या अंगणात उभं राहिल्यासारखं वाटलं. फणसाचा उल्लेख न करता आलेला तो पहिला अभिप्राय.

मी मामांना मुद्दाम तालुक्याला आणलं. दुकानात शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. मी त्यांच्या कानांना हेडफोन लावला. ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

“हो कोण बोलता?”

“तुमीच, मामानू.”

“माझो आवाज इतको बारीक?” मग थोडं ऐकून म्हणाले, “बोलता मात्र बरो.”

गोष्ट इथेच थांबली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

दोनतीन वर्षांनी मामा थकले. गाऱ्हाणं घालताना पूर्वी एखाददुसरा यायचा तो खोकला आता सारखा यायचा, एखादं नाव विसरायचे, आठवेपर्यंत थांबायचे. लोक थांबायचे. कोणाचं काही अडलं नव्हतं, कारण नाव आठवलं की मागून चारजण ‘तोच, तोच’ म्हणायचे. अडलं ते अध्यक्षांचं. त्या वर्षी सप्ताहाला एक मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांना अकरा ते बारा एवढाच वेळ होता.

अध्यक्ष माझ्या कचेरीत आले. “तुमची ती फाईल किती मिनिटांची आहे?”

“चार मिनिटं अकरा सेकंद.”

“वेळेत बसतं. आवाज त्यांचाच आहे, म्हणजे मानही त्यांचाच राहिला. त्यांनी नारळ घेऊन उभं राहायचं, फाईल स्पीकरवर लावायची. त्यांनाही त्रास नको.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि त्यात यंदाच्या अध्यक्षांचा एक उल्लेख आला तर बरं. सभामंडपाचं काम आपल्या काळात झालंय.”

खरा माणूस असता तर तो इथे नाही म्हणाला असता. मी छंदिष्ट होतो. माझ्याकडे नुकतीच आवाज कापायची आणि जोडायची एक फुकटची प्रणाली आली होती. तिच्यात आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो, हवा तो डोंगर उचलून हवा तिथे ठेवता येतो. एखाद्या माणसाच्या तोंडून त्याने कधी न बोललेला शब्द काढता येईल का, हा प्रश्न मला तांत्रिक वाटला. मी दोन रविवार बसलो. अध्यक्षांच्या आडनावातलं एक अक्षर मला नारळात मिळालं, एक वाडीच्या नावात आणि एक खोकल्याच्या आधी अर्धवट राहिलेल्या शब्दात. ती जोडली. सगळे खोकले काढून टाकले. शेवटी मामा अगदी स्वच्छ आवाजात अध्यक्षांना दीर्घायुष्य मागू लागले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते सहा वेळा ऐकलं. ती चार मिनिटं मात्र पूर्ण एकदाही ऐकली नाही. मी डोंगर बघत होतो, गाऱ्हाणं नाही.

मामांना अध्यक्षांनी परस्पर सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, असं मला नंतर कळलं, की समितीन ठरवल्यान तर ठीक.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी पाहुणे पावणेबाराला आले. महाप्रसादाची पातेली उतरली होती, वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास मंडपात भरला होता. मामा धुतलेलं धोतर नेसून देवासमोर नारळ घेऊन उभे राहिले. मी मंडपात आणलेल्या माझ्या संगणकापाशी होतो. मी बटण दाबलं आणि मामांचा तीन वर्षांपूर्वीचा आवाज खांबाला बांधलेल्या स्पीकरमधून आला. लोक सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागले. पहिल्या दोन वेळा मामाही म्हणाले.

मग अध्यक्षांचं नाव आलं. मामांनी मान वर करून स्पीकरकडे बघितलं. अध्यक्ष पाहुण्यांकडे बघत होते. त्याच्यानंतर लगेच, खोकला कापल्यामुळे जराही उसंत न घेता, आवाज म्हणाला:

“खालच्या वाडीचो तुझो तांडेल पोटाच्या दुखण्यान अंथरुणाक लागलो आसा. त्येका उठव म्हाराजा, त्येका परत होडयेर घाल.”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले.

तो तांडेल, मी टेप केली त्याच वर्षी गेला होता. मामांच्याच होडीवर वीस वर्षं काढून पुढे तांडेल झालेला माणूस. त्याची बायको बायकांच्या पहिल्या रांगेत उभी होती, प्रसादाच्या वाढपासाठी पदर खोचून. ‘व्हय म्हाराजा’ म्हणून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं आणि मंडप एकदम गप्प झाला. स्पीकर गप्प झाला नाही. तो पुढच्या माणसाची आजारी म्हैस बरी करून मागत राहिला, तीही आता नव्हती. मी फाईल थांबवायला हवी होती. मी बटण शोधत होतो, जे मीच लावलं होतं.

मामांनी नारळ देवासमोर ठेवला, फोडला नाही. ते त्या काकींसमोर गेले, हात जोडले आणि देवळाच्या पायऱ्या उतरले. मी मागोमाग धावलो. गेटाशी ते थांबले.

“तां नाव मी कधी घेतलंय रे?”

ते दोन क्षण थांबले आणि गेले. पुढच्या आठवड्यात ते वैभववाडीला लेकीकडे राहायला गेले.

समितीची सभा झाली. अध्यक्षांनी खेद व्यक्त केला, तो असा की साईटवरचा मजकूर वेळोवेळी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती पार पाडली नाही. ठरावात माझा उल्लेख ‘तंत्रज्ञ’ असा आहे. पुढच्या वर्षापासून दर वर्षी नवी फाईल करायची आणि ती ऑर्केस्ट्रात निवेदन करणाऱ्या एखाद्या चांगल्या आवाजाच्या माणसाकडून करून घ्यायची असंही ठरलं. कोणीतरी विचारलं, “पण मान मामांचो आसा मां?” अध्यक्ष म्हणाले, “मान त्यांचाच. फक्त आवाज दुसऱ्याचा.” सभेने टाळ्या वाजवल्या. मीही त्या सभेत होतो.

मामांकडे फोन नव्हता. लेकीच्या शेजारी होता, पण त्यावर बोलायची मला हिंमत झाली नाही. सप्ताह पुन्हा जवळ आला तेव्हा मी कचेरीतल्या कोऱ्या कागदावर पत्र लिहिलं आणि पेटीत टाकलं. त्याची एक प्रत माझ्याकडे राहिली, कारण पहिला कागद खाडाखोडीने भरला म्हणून मी दुसरा घेतला. ते असं.

तीर्थस्वरूप मामांस,

गेटाशी तुम्ही मला विचारलंत त्याचं उत्तर मी दिलं नाही. अध्यक्षांचं नाव तुम्ही कधीच घेतलं नव्हतं. ते मी तुमच्या तोंडात घातलं. तुमच्या शब्दांतली अक्षरं कापून मी ते तयार केलं आणि अध्यक्षांना दिलं. त्यांनी मागितलं हे खरं आहे, पण त्यांना ते करता आलं नसतं. मला येत होतं म्हणून मी केलं. तुमचे खोकलेही मीच काढले.

तांडेलकाकांचं नाव फाईलमध्ये आहे हे मला ठाऊक नव्हतं. कापताजोडताना मी ते पूर्ण ऐकलंच नव्हतं. हे सांगून माझा दोष कमी होत नाही, उलट वाढतो, हे मला कळतं.

ती फाईल मी साईटवरून काढली आहे. माझ्या संगणकातून आणि तबकडीवरूनही पुसली आहे. मूळ कॅसेट या पत्रासोबत वेगळ्या पाकिटात पाठवत आहे. ती तुमची आहे, ठेवा किंवा फेकून द्या. जहाजावरच्या माणसाने वहीत विचारलं की गाऱ्हाणं कुठे गेलं. मी लिहिलं की गाऱ्हाणं देवळात असतं.

समितीने यंदा कणकवलीचा एक निवेदक ठरवला आहे. त्याने गावातल्या अडचणींची यादी मागितली आहे, टाईप केलेली. ती यादी करायचं काम माझ्याकडे दिलं होतं. म्हणून मी वाडीवाडीत गेलो. खालच्या वाडीत काकींकडेही गेलो. मला वाटलं त्या दारातूनच परतवून लावतील. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “यादयेत माझां काय्येक लिहू नको. माझ्या घोवाक मामांनी बरो कर म्हणान सांगितलेलां, तां देवान ऐकल्यान नाय. तो गेलो, ह्यां आता मामांनीच देवाक सांगूक व्हयां. दुसऱ्या कोणी सांगितल्यान तर माका चालाचा नाय.” तिथून मी यादीचा कागद न भरता परत आलो आणि समितीला तसं कळवलं. बाकीच्या घरांतही बऱ्याच जणांनी काही सांगितलं नाही. “मामा येतत काय?” एवढंच विचारलं.

नावं विसरलात तर लोक थांबतील. ते आधीही थांबत होते. पाहुणे यंदाही आहेत, ते गेले तरी चालतील असं मला वाटतं, पण ते ठरवणारा मी नव्हे.

सप्ताह सोमवारी संपतो. वैभववाडीहून सकाळी साडेसहाची गाडी आहे, ती देवगडला पोचते तिथे मी उभा राहीन. तुम्ही उतरला नाहीत तर पुढच्या गाडीपर्यंत थांबेन. तुम्हाला यायचंच नसेल तर तेही कळवा. पण मग काकींना मी काय सांगू, ते पत्रात लिहा. माझ्या मनाने काही सांगायचा मला आता अधिकार नाही.

तुमचा भाचा